गुराबेचं निशाण

मला तोंड लई आहे, हे आधीच सांगून टाकते. न्हायतर मागनं कुणीतरी सांगणारच. आमच्या ईट गावात कुणालाबी इचारा, सुताराची सरुबाई कशी आहे, तर म्हणतील, खरं बोलते पण फाडून बोलते. त्यातलं फाडून बोलते एवढं बरोबर आहे. खरं किती बोलते, तेच सांगायला बसले आहे.

आमचे हे सुतार. घराण्यात नांगर, कुळव, तिफण करायचं काम. पण लग्नाच्या आधी सहा वर्षं हे मुंबईच्या गोदीत होते. तिथं एका दालनात जुन्या काळच्या लढाऊ जहाजांचे लाकडी नमुने मांडून ठेवलेले होते म्हणे, शिडांसकट, तोफांसकट. एक म्हातारा मिस्त्री त्यांची डागडुजी करायचा आन् हे त्याच्या हाताखाली; अधनंमधनं खऱ्या जहाजांवरबी लाकूडकामाला जायचे म्हणे. सासरे वारले तसे हे गावाकडं आले, ते पुन्हा गेले न्हाईत. येताना फोटो आणला न्हाय, दाखला आणला न्हाय, कागदाचा चिटोरा आणला न्हाय. आणलं काय, तर डोक्यात बसलेली जहाजं.

गावानं ह्यांच्यावर कधी इश्वास ठेवला न्हाय. ईटमधी समुद्र कुणी बघितलाय? आमच्याकडं पाणी म्हणजे इहिरीच्या तळाला चकाकतं तेवढं. शेजारचा आबाराव तर उघड म्हणायचा, गोदीबिदी काय न्हाय, उत्तरेश्वर मुंबईला हाटेलात कपबशा इसळत होता. त्याच्या बोलण्याला गाव हसायचं. हे खाली मान घालून रंधा मारायचे.

आन् खरं सांगते, मलाबी पुरतं पटलेलं नव्हतं. नवरा म्हणतो म्हणून व्हय म्हणायचं, इतकंच. भांडण लागलं की माझ्याबी तोंडातनं त्या कपबशा निघायच्या.

पहिलं जहाज ह्यांनी बहात्तरच्या दुष्काळात केलं. त्या साली नांगर कोण करून घेणार? दावणीला बैलच उरले नव्हते. बलुतं बंद झालं. दिवसभर आम्ही दोघं तलावाच्या कामावर खडी फोडायचो, सरकार देईल ती सुकडी खायची, आन् परत आलो की हे अंगणात बसून मोडक्या तिफणीचं लाकूड तासायचे. म्या इचारलं, हे काय करताय? तर म्हणाले, गलबत. मी कपाळावर हात मारला. गावात प्यायला पाणी न्हाय आन् माझा नवरा गलबत करत होता.

पण हात सोन्याचा होता, हे मीच काय, आबारावबी नाकारायचा न्हाय. खऱ्या जहाजाच्या एका फुटाला इथं पाव इंच, असं ह्यांचं माप. त्याच्यात केसभर फरक चालायचा न्हाय. फळ्या कागदासारख्या पातळ काढायच्या, वाफेवर धरून वाकवायच्या. खिळा म्हणून लोखंडाचा वापरायचा न्हाय. एका पत्र्याला बारीक बारीक भोकं पाडलेली होती, त्यातनं बांबूची काडी ओढून ओढून सुईएवढी करायची आन् तिच्या खुंट्या मारायच्या. शिडं जुन्या धोतराची, बाभळीच्या सालीच्या पाण्यात रंगवलेली. तोफा मोडक्या छत्रीच्या काड्यांच्या. त्या सालात छत्रीचं दुसरं काय करायचं होतं?

दोरांचं काम माझं. डोलकाठीला दोन्ही अंगांनी दोराच्या शिड्या असतात, खलाशांना वर चढायला. सुताला मेण लावून दोर करायचा आन् एकेक पायरी गाठीनं बांधायची. एका जहाजाला हजाराच्या वर गाठी. ह्यांची बोटं जाड, त्यांना जमायचं न्हाय. माझ्या बोटांना जमलं. दोर बांधताना दोन्हीकडनं सारखाच ताण लागतो, न्हायतर डोलकाठी कलते. म्हणून हे एका अंगाला बसायचे, मी दुसऱ्या अंगाला. मधी जहाज. आम्हाला लेकरूबाळ न्हाय. अशा बसण्यातच आमचं बोलणं व्हायचं, आन् बोलणं म्हणजे काय, मी बोलायचे आन् हे ऐकायचे. एखाद्या दिवशी हे समुद्राचं काही सांगायला लागले की मी मधीच इळी मागायचे न्हायतर म्हशीचं काढायचे. आता वाटतं, दोन घटका ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

अशी नऊ वर्षांत चार जहाजं झाली. चारीबी फळीवर धूळ खात बसलेली.

मग एक्याऐंशी साली गावच्या दूध संस्थेचं नवं हापिस बांधून झालं. चेअरमन हिंमतराव स्वतः आमच्या घरी आले. मोठा जमीनदार माणूस, पण आमच्या बाजेवर बसले, चहा घेतला. चारी जहाजं बघितली आन् म्हणाले, मिस्त्री, आपल्या हापिसात काचेचं कपाट करणार आहे, त्यात ठेवायला एक मोठं जहाज करा, मराठ्यांच्या आरमारातलं, उद्घाटनाला जिल्ह्याची माणसं येतील. ह्यांनी मान हालवली. हिंमतराव गेल्यावर मला म्हणाले, "सरू, आता तरी लोक म्हणतील, हा माणूस दर्यावर होता."

मला त्या वेळेला कळलं की ह्या माणसाला एवढंच पाहिजे होतं. इतकी वर्षं गाव हसत होतं ते ह्यांना ऐकू येत होतं तर.

गुराब करायला घेतली. गुराब म्हणजे टोकदार नाकाचं लढाऊ जहाज. दोन डोलकाठ्या, सोळा तोफा, पुढं फुगलेली शिडं. सात महिने त्यात गेले. माझ्या गाठी झाल्या, तोफा बसल्या, राहिलं वरचं भगवं निशाण. कापडाला खळ लावून, वाकवलेल्या तारेवर वाळवून, फडफडतंय असं दिसंल तसं ह्यांनी केलं आन् मोठ्या डोलकाठीच्या टोकाला बांधलं. म्या बघितलं तर निशाण जहाजाच्या नाकाकडं उडत होतं, पुढं.

मी म्हणाले, हे उलटं झालं. हे म्हणाले, बरोबर आहे. मी म्हणाले, निवडणुकीची जीप बघितली न्हाय का, तिचा झेंडा कुठं उडतो? मागं. मोटरसायकलवाल्याचा झेंडा? मागं. चाललेल्या गाडीच्या पुढं निशाण कधी उडतं का? तेवढ्यात भिंतीवरनं आबारावानं तोंड काढलं. म्हणाला, सुतार, वहिनीला तुमच्यापेक्षा समुद्र जास्त कळतो. मला तर तेवढंच पाहिजे होतं. आबारावाचं हसणं बघून मला आणखी चेव आला.

हे शांतपणानं म्हणाले, "जीप वारं कापत जाते. जहाजाला वारंच ढकलतं. शीड जिकडं फुगलं, निशाणबी तिकडंच."

एवढं साधं बोलणं. पण ऐकतं कोण? मी म्हणाले, "कपबशा धुणाऱ्याला काय कळतंय जहाजातलं."

आबारावादेखत म्हणाले. हे उठले, हातातली पटाशी खाली ठेवली आन् म्हशीला पाणी दाखवायला गेले. पुन्हा त्यावर एक शब्द बोलले न्हाईत. निशाणबी बदललं न्हाय.

त्यानंतर नवव्या दिवशी ह्यांच्या छातीत कळ आली. आबारावानंच जीप आणली, भूमच्या दवाखान्यात न्यायला निघालो, पण निम्म्या वाटंतच सगळं संपलं. शेवटचे नऊ दिवस आम्ही चहा, भाकरी, म्हैस, एवढंच बोललो. माफी मागायला नऊ दिवस होते मला. माझ्या मनातबी आलं न्हाय, कारण मला वाटत होतं, चूक ह्यांची आहे.

तेराव्याला हिंमतराव येऊन गेले. म्हणाले, उद्घाटन पुढं ढकललंय, वहिनी, तुमची तयारी झाली की सांगा, गुराब न्यायला माणसं पाठवतो. मी म्हणाले, न्या.

माणसं येणार त्याच्या आदल्या दुपारी मी गुराब पुसायला घेतली. घरात मी एकटी. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ह्यांचा पाट तसाच. पुसता पुसता निशाणाकडं नजर गेली. म्हटलं, एवढी माणसं येणार, चारचौघांत गुराब मांडणार, आन् निशाण उलटं. जिवंतपणी हसले ते हसले, मेल्यावरबी ह्यांना हसणार. ते काय मला बघवणार न्हाय. मी बोट ओलं केलं, खळ मऊ केली, कापड सरळ करून मागच्या बाजूला वळवलं, पुन्हा तारेवर धरलं, उन्हात वाळवलं. गाठ पुन्हा तशीच मारली. गाठी तर माझ्याच होत्या. उठून लांबनं बघितलं. छान दिसत होतं, जीपवरच्यासारखं. मला वाटलं, म्या ह्यांची लाज राखली.

उद्घाटनाला शे-दोनशे माणूस होतं. काचेचं कपाट, त्यात गुराब, खाली पाटी: कैलासवासी उत्तरेश्वर सुतार यांनी घडवली. मला पुढच्या रांगेत बायकांत बसवलं होतं. पाहुण्यांत लोहाऱ्याचे मल्लिकार्जुन म्हणून एक गृहस्थ होते, संस्थेचा सेक्रेटरी व्यंकट, त्याचे पाहुणे. नौदलात पंधरा वर्षं नोकरी करून आलेले. ते कपाटापाशी वाकले ते उठेनातच. फळ्या बघितल्या, बांबूच्या खुंट्या बघितल्या, तोफा मोजल्या, दोरांच्या शिड्यांकडं तर हात जोडल्यासारखं बघत राहिले. माझा ऊर भरून आला. मग त्यांनी मान वर केली, डोलकाठीच्या टोकाकडं बघितलं आन् मागं सरले.

हिंमतरावांनी हौसेनं इचारलं, कसं वाटलं? तो नौदलातला माणूस वाईट नव्हता. वाईट वाटूनच म्हणाला.

"हात देवाचा आहे. पण करणाऱ्यानं समुद्र पाहिलेला न्हाय. चित्रावरनं केलंय. शीड पुढं आन् निशाण मागं, असं वारं अजून कुठं सुटलेलं न्हाय."

सगळं सभागृह ऐकत होतं. मागनं आबाराव हळूच म्हणाला, मी काय म्हणत होतो? कुणी मोठ्यानं हसलं न्हाय, हिंमतरावांचा मान म्हणून. पण दोनशे माणसांच्या मनात ह्यांच्या कपबशा पक्क्या झाल्या, हे मला दिसत होतं.

आन् मी, जिचं तोंड बांधावरबी ऐकू येतं, ती मी दातखीळ बसल्यासारखी बसून राहिले. उठून एवढंच म्हणायचं होतं की, हे माझं काम आहे, ह्यांनी बरोबर लावलं होतं. पण उठले न्हाय. फोटो झाले, चहा झाला, पाहुणे जीपमधी बसून गेले. जीपचा झेंडा मागं उडत होता.

त्याच्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगत बसत न्हाय. सकाळी दूध घालायला संस्थेत जायचं, तेव्हा कपाट समोरच. रोज दोनदा ते निशाण बघायचं. घरी आलं की भांडायलाबी कुणी न्हाय. माणूस असताना मला वाटायचं, मी एकटीच बडबडते, ह्या घरात दुसरं कुणी बोलतच न्हाय. आता कळलं, ऐकणारं माणूस गेलं की आपलं बोलणंबी जातं. चार चार दिवस माझ्या तोंडातनं म्हशीशिवाय कुणाशी शब्द निघायचा न्हाय.

म्या व्यंकटला म्हटलं, कपाट उघडून दे बाबा, निशाण वळवायचंय. तो म्हणाला, चावी चेअरमनकडं. चेअरमनकडं गेले. हिंमतराव म्हणाले, वहिनी, ती आता संस्थेची वस्तू झाली. आज तुम्हाला हात लावू दिला तर उद्या दुसरा कुणी येईल. वार्षिक सभेत ठराव मांडा. आता जहाजाच्या निशाणाला ठराव! पण संस्थेचं काम तसंच असतं. साधी घागर बदलायची तरी सूचक पाहिजे आन् अनुमोदक पाहिजे. ह्यांच्यामागं सभासदत्व माझ्या नावावर झालं होतं. सभा सहा महिने लांब होती. म्हटलं, थांबते.

त्या मधल्या काळात ज्वारीची रास आली. वाऱ्याचा दिवस बघून मी तिवईवर उभी राहून उफणत होते. सूप वर धरलं, दाणे पायाशी पडत होते, भुसकट पुढं उडत होतं. आन् माझा पदर सुटला, तोबी भुसकटाच्या मागोमाग पुढंच गेला. मी सूप धरून तशीच उभी राहिले. चाळीस वर्षं उफणणी केली मी. वारं मागनं येतं, भुसकट पुढं जातं, पदर पुढं जातो, ह्यात समुद्र कशाला बघायला पाहिजे होता? ह्यांनी जीपचं सांगितलं, पण मी ऐकलं न्हाय. तिवईवरनं खाली उतरले आन् राशीशेजारी बसून रडले. ह्यांच्या तेराव्याला रडले नव्हते इतकी रडले.

सभा शाळेच्या ओसरीवर भरली. पुरुष सगळे सतरंजीवर, बायका आम्ही तिघी, खांबाला टेकून. व्यंकटनं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं, मग पशुखाद्य, मग डॉक्टरच्या फेऱ्या. सगळ्यात शेवटी प्रत्येक सभेत एक ओळ असते: अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय. ती ओळ आली की माणसं चपला शोधायला लागतात. मी उठून उभी राहिले.

मी कशाला उठले ते हिंमतरावांना कळलं. म्हणाले, वहिनी, चावी देतो तुम्हाला, सभा झाली की हापिसात या. मी म्हणाले, न्हाय. चुकीचं सगळ्यांनी ऐकलंय, बरोबरबी सगळ्यांनीच ऐकायचं.

आन् सांगितलं. ह्यांनी निशाण पुढं लावलं होतं. म्या ते मागं वळवलं, ह्यांच्या माघारी, कुणाला न इचारता. कपबशांचं बोलले तेबी सांगितलं.

"उफणताना भुसकट एकीकडं आन् पदर दुसरीकडं उडतो का? सांगा. जन्मभर तुम्ही-आम्ही हेच बघितलंय. ह्यांचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

एका म्हाताऱ्यानं हळूच हात हवेत धरून वारं कुठनं कुठं जातं ते करून बघितलं आन् मान हालवली. हिंमतराव म्हणाले, निशाण वळवण्याला कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नव्हती. सूचक मी. अनुमोदक कोण? पाठीमागनं आबाराव म्हणाला, माझं नाव लिहा. त्यानं खाली बघूनच म्हटलं. ठराव मंजूर झाला. चेअरमननी खिशातनं चावी काढून माझ्या हातात दिली. माणसं उठायला लागली.

मी बसले न्हाय. म्हणाले, आणखी एक लिहायचं राहिलंय. व्यंकटनं पेन उघडंच ठेवलं होतं. काय लिहू, काकू? मी म्हणाले, लिही, ह्यांनी समुद्र पाहिला होता.

व्यंकट घोटाळला. म्हणाला, काकू, असं कसं लिहिता येईल, त्याला पुरावा लागतो, कागद लागतो. तो चुकीचं बोलत नव्हता. कागद नव्हताच कधी. मी चेअरमनांकडं बघितलं. शिडांचं, वाऱ्याचं सांगून झालं होतं. हिंमतराव व्यंकटकडं वळले. मग म्हणाले, "निशाण बरोबर लावलं होतं, हाच कागद समज. लिही."

व्यंकटनं लिहिलं आन् उभा राहून वाचलं: "कैलासवासी उत्तरेश्वर सुतार यांनी समुद्र पाहिला होता व जहाजावर काम केले होते, असे ही सभा मान्य करते." सूचकात माझं नाव. अनुमोदक पुन्हा आबाराव. चेअरमन म्हणाले, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.

आबारावाचा पहिला. मग खालच्या आळीचे, मग वरच्या आळीचे, मग माझ्या शेजारच्या दोघी. उद्घाटनाच्या दिवशी हापिसात ज्या ज्या माणसांची तोंडं म्या बघितली होती, त्या सगळ्यांचे हात वर होते. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. बघण्यात माझं मला भानच न्हाय. व्यंकट मोजत मोजत माझ्यापाशी आला आन् थांबला.

"काकू, एकमतानं लिहायचं तर तुमचाबी लागतो."

चावी मुठीत होती, तोच हात वर केला. तीस वर्षं एका घरात राहून ह्या माणसाला म्या एकदाबी म्हटलं नव्हतं, की तुमचं खरं आहे.